सेविकेची सवड

अंगणवाड्यांसाठीच्या ‘पोषण भी, पढाई भी’ या केंद्रीय कार्यक्रमाच्या नावातील दुसरे पद कागदावरच राहावयाचे नसेल, तर अंगणवाडी सेविकेस मुलांशी बोलावयास सवड मिळालीच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सुरगाणा-पेठेकडील, घरी कोकणा बोलणारे चार वर्षांचे मूल खिचडीच्या ताटलीपुढे ‘तांदूळ एवढा फुगला कसा?’ असे विचारते, तेव्हा त्याच्याच बोलीत ‘तुला काय वाटते?’ असे पुसणारी सेविका त्याच्या भाषेस व विचारशक्तीस एकदमच चालना देते. परंतु तिचे लक्ष ‘पोषण ट्रॅकर’ या मोबाइल ॲपवरील नोंदींमध्ये गुंतलेले असले, की प्रश्न विरतो, आणि वारंवार विरला की मूल पुसणेच सोडते. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीस बालशिक्षणाचे केंद्र काढले, त्या महाराष्ट्रात हे सांगावे लागावे!

जिल्हा परिषदेने नोंदींचे काम मुले घरी गेल्यावरच करण्याचा हुकूम तातडीने काढावा, आणि पर्यवेक्षिकांनी दफ्तर तपासण्यापूर्वी मुलांचे बोलणे ऐकावे.