दारू त्याची, मिटिंग तुमचीही

“ताई, त्या मिटिंगमधे कोणी वळखीचं भेटलं तं?” इंझोरीच्या एका बाईनं मला विचारलं. नवऱ्याची दारू सोडवायचीय, पण पाऊल अडतं ते लाजेपायी. मी म्हटलं, “भेटलं तर तेही त्याच दुखण्यानं आलेलं असेल ना!”

मैत्रिणींनो, मतदानात बाटली आडवी करून गावातलं दुकान बंद होतं. पिणारा मात्र शेजारच्या गावी जातो. म्हणून दुकानबंदीइतकीच सोबतही हवी. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’च्या सभांना फी नाही, आडनाव सांगायची सक्ती नाही. घरच्यांसाठी १९५१ पासून ‘अल्-अनॉन’ आहे. पुण्याचं ‘मुक्तांगण’ही १९८६ पासून घरच्यांना सोबत घेऊन काम करतं.

जवळचा गट कुठे भरतो, हे वाशिमच्या जिल्हा रुग्णालयात किंवा १४४४६ या सरकारी मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारा. एक जपा: रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका, झटके येऊ शकतात. आधी डॉक्टर.

आणि तो यायला तयार नसेल तर? वाट बघत बसू नका. तुम्ही जा. त्याची दारू सुटेल तेव्हा सुटेल, तुमचा एकटेपणा तरी आज सुटू दे.