एवढासा जॅक, केवढा उपद्व्याप!

काय दोस्तांनो, कुत्रा हवाय आणि आई-बाबा 'नाही' म्हणतायत? मग आजचं पान त्यांनाही वाचायला द्या.

जुन्या एच.एम.व्ही.च्या तबकडीवर भोंग्यापुढे कान देऊन बसलेला कुत्रा आई-बाबांना नक्की आठवेल. त्याचं नाव निपर. तो संकरित टेरियर होता. दिसायला साधारण तसाच असतो आपला आजचा पाहुणा, जॅक रसेल टेरियर.

लॅटिन भाषेत 'टेरा' म्हणजे जमीन. टेरियर म्हणजे जमिनीत, बिळात घुसणारा कुत्रा. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात जॉन रसेल (१७९५-१८८३) नावाचे पाद्री होते. पाद्री खरे, पण शिकारीचा भारी नाद! १८१९ साली ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांनी एका दूधवाल्याकडे एक पांढरी कुत्री पाहिली आणि विकतच घेतली. तिचं नाव ट्रम्प. ही जात तिच्यापासून सुरू झाली असं मानतात. कोल्हा समजून शिकारी कुत्र्यांनी यालाच धरू नये, म्हणून रंग पांढरा हवा. छाती इतकी अरुंद, की दोन्ही हातांच्या ओंजळीत मावावी, नाहीतर बिळात शिरणार कसा? आत शिरून कोल्ह्याला मारायचं नाही हं, भुंकून भुंकून बाहेर हाकलायचं!

आता असा कामकरी गडी दिवसभर फ्लॅटमध्ये कोंडला तर? कुंड्या उकरील, चपला फाडील, भुंकून शेजाऱ्यांची झोप उडवील. वजन जेमतेम पाच-सहा किलो, पण खोड्या अल्सेशियनच्या वरताण! त्याला मार देऊन उपयोग नाही. सकाळ-संध्याकाळ भरपूर पळवा, चेंडू लपवून शोधायला लावा. उन्हाळ्यात मात्र भर दुपारी डांबरी रस्त्यावर नेऊ नका, पाय भाजतात. फिरताना साखळी हवीच, कारण उंदीर दिसला की तुमची हाक त्याला ऐकूच येत नाही. घरात ससा किंवा पांढरे उंदीर असतील, तर याचा विचारच सोडा.

केसांची फार कटकट नाही, आठवड्यातून एकदा ब्रश पुरे. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे आणि कांदा घातलेली आमटी अजिबात नाही, त्याला ते विषासारखं. रेबीजची लस डॉक्टर सांगतील तेव्हा.

आणि एक हिशेब. जॅक तेरा-चौदा वर्षं सहज जगतो. तुम्ही आज सातवीत असाल, तर तुम्हाला नोकरी लागेल तेव्हाही तो सकाळी सहाला चेंडू तोंडात धरून पलंगापाशी उभा असेल. तुम्ही परगावी असलात, तर आईच्या पलंगापाशी!