पोपटी घरात पिकवा, धंद्यात नको

हिवाळा लागला की हातगाडीवर कागदी टरफलातली पिवळी गोल फळे दिसू लागतात. कोणी रसभरी म्हणतो, कोणी टिपारी, कोणी पोपटी (कोकणात मडक्यात भाजतात ती पोपटी निराळी). मूळचे हे फळ दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाचे. पुढे आफ्रिकेच्या केपमध्ये त्याची लागवड झाली, म्हणून इंग्रजांनी नाव दिले केप गूजबेरी.

भाव बरा दिसतो म्हणून आमच्या काही व्यापारी बांधवांना यात नवी तिजारत दिसते. आमचे मत उलट आहे. ही फळे एकदम पिकत नाहीत. आज चार, उद्या सहा, अशी रोज वेचावी लागतात. कापडाचे थान एकदाच मोजून बांधता येते, इथे नफा वेचणाऱ्याच्या मजुरीतच जातो. ज्याच्याकडे शेत आणि घरचे हात आहेत, त्याने खुशाल करावे.

कारागिराच्या घराला मात्र हे झाड फार सोयीचे आहे. एका पिकल्या फळात शंभराहून अधिक बिया निघतात. त्या पाण्यात चोळून मलमलच्या तुकड्यावर सुकवाव्यात, जून-जुलैत पेराव्यात आणि रोप वीतभर झाले की तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात लावावे. डब्याला खाली भोके हवीतच. ऊन भरपूर द्यावे, खत बेताने. जास्त खताने पाने माजतात, फळ कमी येते. जी फळे विकत आणताना बाप दहा वेळा खिसा चाचपतो, ती मुलांना गच्चीवर मिळतात. आमच्या वहीत हाही नफाच.

दोन गोष्टी घरच्यांना बजावून सांगाव्यात. हिरवे फळ आणि पाने विषारी असतात. टरफल वाळून गवती रंगाचे झाले आणि आतले फळ सोनेरी दिसले, तरच मुलांनी खावे. दुसरे, बी नावावरून घेऊ नये. उत्तरेत यालाच मकोय म्हणतात, पण अत्ताराकडे मकोय मागितली तर काळ्या दाण्यांची औषधी वनस्पती मिळते.

फळ टरफलासकट कोरड्या, थंड जागी ठेवल्यास आठवडेच्या आठवडे टिकते. सोलल्यावर चिकट लागते, म्हणून धुऊन खावे. जास्त झाली तर मुरब्बा करावा, तो आपोआप घट्ट बसतो.