आपद्धर्माचे अन्न

छांदोग्य उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात उषस्ती चाक्रायण याची कथा आली आहे. कुरुदेशातील पिके टोळधाडीने, किंवा काही भाष्यकारांच्या मते गारपिटीने, उद्ध्वस्त झाली असता क्षुधेने व्याकुळ झालेल्या या विद्वानाने एका माहुताजवळ त्याच्या पुढ्यातील उष्ट्या उडदांची याचना केली, ते निःसंकोचपणे भक्षण केले आणि माहुताने उष्टे पाणी पुढे करताच मात्र ते नाकारले. कारण त्या अन्नावाचून प्राण गेला असता, पाणी मात्र अन्यत्र यथेच्छ मिळण्यासारखे होते. आपद्धर्म कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे इतक्या थोडक्यात सांगणारे दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे.

अरण्यात वाट चुकलेल्या मनुष्याने अळ्या खाऊन प्राणरक्षण करावे काय, हा प्रश्न याच कसोटीवर तपासावयास हवा. दूरचित्रवाणीवरील साहसी पुरुष कुजक्या लाकडातून पांढरी अळी काढून तोंडात टाकतो, तेव्हा आपल्या घरात कोणी किळसेने मान फिरवतो, तर कोणी टाळ्या पिटतो. विचार करावा असे मात्र कोणास वाटत नाही. वस्तुतः संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2013 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे दोनशे कोटी लोकांच्या परंपरागत आहारात कीटकांना स्थान आहे. आसामात एरी रेशमाचे कोशस्थ किडे आवडीने खाल्ले जातात. बस्तर आणि गडचिरोलीच्या अरण्यांत लाल मुंग्यांची चटणी होते. ओडिशातील सिमिलीपालच्या तशाच चटणीस 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्यांचे हे नित्याचे अन्न आहे त्यांना हिणवण्याचा अधिकार, त्याच ज्ञानाकडे संकटकाळी हात पसरणाऱ्या आपणांस खचितच नाही.

आमच्या परभणी जिल्ह्यात घनदाट अरण्य नाही हे खरे. जिंतूरच्या डोंगररांगा आणि येलदरीचा परिसर सोडला तर सर्वत्र काळी शेतजमीनच पसरलेली आहे. परंतु अन्न दुर्मिळ होण्याचा अनुभव या मुलखाला नवा नाही. 1972 च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर राबणारी माणसे सुकडी आणि परदेशी मिलो ज्वारी यांवर जगली, हे सांगणारी पिढी अद्याप हयात आहे. त्याच वर्षी 18 मे रोजी परभणीस कृषी विद्यापीठ स्थापन झाले. या विद्यापीठाच्या कीटकशास्त्रज्ञांना हुमणी, गुलाबी बोंडअळी, लष्करी अळी या शेतकऱ्याच्या वैऱ्यांचा जीवनक्रम पाठ आहे. अळीने पिकाचा घास घेऊ नये म्हणून जे शास्त्र इतके झटले, त्याच शास्त्राने कोणती अळी मनुष्याला घास देऊ शकेल आणि कोणती प्राणावर बेतेल, हेही सांगावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

कारण याविषयीचे अर्धवट ज्ञान अज्ञानाहूनही घातक ठरते. परदेशी साहसवीराचा उपदेश आमच्या शिवारात जसाच्या तसा लागू पडत नाही. कापसावर आणि सोयाबीनवर वारंवार फवारणी होत असता बांधावरची अळी विषाचा अंश घेऊन आलेली नसेल, याची हमी कोण देणार? केसाळ, काटेरी आणि भडक रंगाच्या अळ्या सर्वथा वर्ज्य मानाव्यात. 2022 साली मराठवाड्यात घोणस अळीने जी भीती पसरवली, तिचे कारण त्या अळीच्या अंगावरचे विषारी काटेच होते. खाण्यास योग्य म्हणून खात्रीने ओळखलेली अळीही आतडे काढून, नीट भाजूनच खावी, कच्ची कदापि खाऊ नये; आणि ज्याला कोळंबी सोसत नाही त्याने अळीच्याही वाटेस न जाणे बरे. शिवाय अन्नावाचून मनुष्य कित्येक दिवस तग धरतो, परंतु वैशाखाच्या उन्हात पाण्यावाचून फार काळ टिकत नाही, आणि प्रथिनयुक्त अन्नाने शरीराची पाण्याची गरज वाढतेच. म्हणून जिंतूरच्या डोंगरात वाट चुकलेल्याने प्रथम सावली शोधावी, मग पाणी; अन्नाची चिंता सर्वांत शेवटी.

भक्ष्य किड्यांच्या अभ्यासाचा आरंभ करण्यास निराळ्या साधनांची आवश्यकताही नाही. विद्यापीठात रेशीम संशोधन योजना आहे आणि मराठवाड्यातील अनेक शेतकऱ्यांनी तुतीची लागवड केली आहे. ताज्या कोशाच्या वजनाचा सुमारे चार पंचमांश भाग आतील किड्याचा असतो, आणि तो किडा वाळवला असता त्यात निम्म्याच्या आसपास प्रथिने भरतात. कोरियात हेच किडे शिजवून रस्त्यावर विकले जातात. आमच्याकडे त्यांची किंमत धागा निघेपर्यंतच. कोंबड्यांच्या आणि माशांच्या खाद्यात त्यांचा उपयोग व्हावा आणि मानवी आहाराच्या दृष्टीनेही त्यांची रीतसर परीक्षा व्हावी.

म्हणून तजवीज अशी व्हावी की, कृषी विद्यापीठ आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण यांनी मिळून एक लहानसे मराठी पुस्तक सिद्ध करावे. त्यात भक्ष्य आणि अभक्ष्य अळ्यांची चित्रे व स्पष्ट सूचना असाव्यात, आणि ते राष्ट्रीय छात्रसेनेच्या विद्यार्थ्यांपासून वनरक्षकांपर्यंत सर्वांच्या हाती जावे. ज्या वनवासी जाणकारांकडून हे ज्ञान घ्यावयाचे, त्यांचे ऋण पुस्तकात नावानिशी नोंदवावे आणि त्यांना योग्य मानधनही द्यावे. रोजच्या ताटात कोणाच्याही इच्छेविरुद्ध काही वाढावे असे मी म्हणत नाही. परंतु भुकेने बुद्धी ग्रासल्यानंतर भक्ष्याभक्ष्याचा विवेक शिकता येत नाही, तो पोट भरलेले असतानाच शिकून ठेवावा लागतो.