व्हिसा हातात, सही कुणाची?

रत्नागिरीत बी.आर्क. झालेल्या मुलामुलींच्या पालकांना परदेशी नोकरीचे एजंट हमखास सांगतात, "व्हिसाचं आम्ही बघतो, बाकी तिथं गेल्यावर होतं." बाकी आपोआप होत नाही, आणि आर्किटेक्टचं सगळं आयुष्य त्या 'बाकी'वरच उभं असतं.

व्हिसा म्हणजे त्या देशात राहून काम करण्याची मुभा. आर्किटेक्ट म्हणवून घेण्याची, स्वतःच्या नावानं सही करण्याची मुभा वेगळी आणि ती देणारं दारही वेगळं. आपल्याकडे १९७२च्या कायद्यानं हे काम कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे आहे, ब्रिटनमध्ये आर्किटेक्ट्स रजिस्ट्रेशन बोर्डाकडे, जर्मनीत राज्याराज्याच्या मंडळांकडे. अमेरिकेत परवान्याच्या सर्वसाधारण वाटेवर ३,७४० तासांचा नोंदवलेला अनुभव आणि सहा परीक्षा आहेत.

"नोंदणी नसली तरी पगार मिळतोच ना?" मिळतो. नोंदणी झालेल्या माणसाच्या हाताखाली काही वर्षं काढण्यात कमीपणाही नाही. पण हे आंब्याची बाग तारण ठेवण्याआधी कळायला हवं, नंतर नव्हे.

शिवाय व्हिसाही एजंट म्हणतात तितका सोपा नाही. ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी परवानाधारक कंपनीची नोकरी लागते आणि जुलै २०२५पासून सर्वसाधारण किमान पगार ४१,७०० पौंड आहे. अमेरिकेचा एच-वन-बी व्हिसा वर्षाला ८५,००० जागांच्या सोडतीचा; त्यात सप्टेंबर २०२५च्या आदेशानं परदेशातून येणाऱ्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार बसला. जर्मनीत आर्किटेक्ट टंचाईच्या व्यवसायांत मोडतात, म्हणून ब्लू कार्डाची पगारअट शिथिल आहे. पण नोकरी आधी हवीच. आखाताची वाट आपल्या जिल्ह्याला जुनी. तिथं व्हिसा कंपनी काढते. व्हिजिट व्हिसावर जाऊन काम करणं हा गुन्हा आहे, कोणी काहीही सांगो.

मग जाऊच नये? हेही मला मान्य नाही. आर्किटेक्ट अच्युत कानविंदे आचऱ्याचे. आचरा तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. १९४५मध्ये सरकारनं त्यांना हार्वर्डला पाठवलं, ते ग्रोपियसच्या हाताखाली शिकले, परत आले आणि आयआयटी कानपूर उभं केलं. ते गेले नसते तर नुकसान आपलंच होतं.

जा, पण आधी इथं दोन वर्षं साइटवर घाम गाळा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जांभ्याची भिंत भिजू नये म्हणून छप्पर किती पुढं काढायचं, पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून लांब कसं न्यायचं, हे सेक्शनमध्ये नेमकं दाखवता येणं हे खरं कसब. आमची मुलं ते वगळून पोर्टफोलिओत काचेचे मनोरे भरतात. मनोरे जगभरच्या अर्जांत असतात; भर पावसाळ्यात टिकणारी भिंत क्वचितच कोणी दाखवतं.

एजंटला पैसे देण्यापूर्वी त्याची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. आणि कंपनीकडून लेखी घ्या: पद कोणतं, आणि स्थानिक नोंदणीसाठी हा अनुभव धरला जाईल का? उत्तर टाळलं, तर पैसे देऊ नका.