बलोपासनेला लागलेली कीड

समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी सात सातारा जिल्ह्यात, दोन सांगलीत आणि दोन कोल्हापुरात आहेत. चाफळ, मसूर, उंब्रजपासून बहे आणि बत्तीस शिराळ्यापर्यंतच्या या स्थानांनी कृष्णा-वारणेच्या खोऱ्याला एक संस्कार दिला. शरीर कमावणे ही उपासना आहे आणि उपासनेत लबाडीला स्थान नाही, हा तो संस्कार! याच मातीतून कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव घडले. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी मिळवलेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकले होते. सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे मारुती माने यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले आणि पुढे ते हिंदकेसरी झाले.

त्याच परंपरेतील ‘महाराष्ट्र केसरी’ची गदा नरसिंग यादव यांनी २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षे पटकावली. २०१५ च्या जागतिक स्पर्धेतील कांस्यपदकाने त्यांना रिओचे दार उघडून दिले. मात्र जुलै २०१६ मध्ये त्यांच्या नमुन्यात मेथॅनडिएनोन हे स्टेरॉईड सापडले. आपल्या अन्नपेयात कोणीतरी ते मिसळले, असे त्यांचे म्हणणे होते. राष्ट्रीय संस्थेच्या शिस्तपालन समितीने ते मान्य करून त्यांना निर्दोष ठरवले. जागतिक संस्थेने अपील केले आणि लढतीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला, क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. हे द्रव्य गोळीच्या रूपाने, एकाहून अधिक वेळा आणि हेतुपुरस्सर घेतले गेले असण्याचीच शक्यता अधिक, असा लवादाचा निष्कर्ष होता. ऐन उमेदीची चार वर्षे आखाड्याबाहेर गेली.

तेव्हा आपल्याकडे कटकारस्थानाची चर्चा उदंड झाली. आपल्या मल्लाविषयी आपुलकी वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु क्रीडाजगताचा नियम स्पष्ट आहे. खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याचे उत्तर खेळाडूनेच द्यायचे. मग भावनेच्या भरात आपण लवादालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे काय?

येथे अमेरिकेचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. लान्स आर्मस्ट्राँग हा सायकलपटू कर्करोगावर मात करून पुन्हा रस्त्यावर उतरला आणि १९९९ ते २००५ या काळात त्याने ‘टूर द फ्रान्स’ सात वेळा जिंकली. तो अमेरिकेच्या गळ्यातील ताईत होता. त्याचे पितळ उघडे पाडले ते अमेरिकेच्याच उत्तेजकविरोधी संस्थेने, त्याच्याच सहकाऱ्यांच्या साक्षी घेऊन. २०१२ मध्ये सातही विजेतेपदे काढून घेतली गेली आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याने स्वतः कबुली दिली. आपल्या लाडक्या वीरालाही न्यायासमोर उभे करण्याचे हे धैर्य आपण कधी दाखवणार?

कारण आकडे लाजिरवाणे आहेत. २०२४ मध्ये भारतीय खेळाडूंचे ७,११३ नमुने तपासले गेले. त्यांपैकी २६० दोषी निघाले. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक. ‘चाचण्या वाढल्या म्हणून दोषी वाढले’ हा युक्तिवाद टिकणारा नाही. चीनने आपल्या तिपटीहून अधिक नमुने तपासले, तरी तेथील दोषींची संख्या पन्नासच्या आतच राहिली.

हा रोग केवळ राष्ट्रीय शिबिरांपुरता राहिलेला नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब सावरण्यासाठी वापरले जाणारे मेफेंटरमाईनचे इंजेक्शन व्यायामशाळेतल्या पोरांना चोरून विकले जाते. अशा विक्रेत्यांवर पश्चिम महाराष्ट्रात पोलिसांना कारवाया कराव्या लागल्या आहेत. पदक मिळाले की नोकरी, पीळदार दंड दिसले की गावात मान, या घाईने कोवळी मुले हृदयाशी खेळत आहेत. पूर्वी तालमीत थंडाई पठ्ठ्यानेच घोटायची आणि खुराकावर वस्तादांची नजर असायची. आज त्या जागी अनोळखी डबा आला आहे. त्यात काय आहे हे ना मुलाला ठाऊक, ना बापाला!

२०२२ मध्ये संसदेने उत्तेजकविरोधी कायदा केला, हे योग्यच झाले. पण कायदा प्रत्येक तालमीच्या दारात पहारा देऊ शकत नाही. तो पहारा घराने, वस्तादांनी आणि गावोगावी तरुणांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी द्यायचा आहे. मुलाच्या पिशवीतला डबा उघडून पाहावा, तो कोणी दिला हे विचारावे, शंका आल्यास डॉक्टरांना दाखवावा. यात अविश्वास नाही, पालकत्व आहे. हरून आलेल्या मुलाला घरात तितक्याच प्रेमाने जेवू घालावे, हे त्याहून महत्त्वाचे.

२०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादेत होणार आहे. तेथे तिरंगा वर चढताना पाहण्याची इच्छा प्रत्येक देशभक्ताच्या मनात असेल. पण चार महिन्यांनी परत करावे लागणारे सुवर्ण हे राष्ट्राचे भूषण नव्हे, ते लांच्छन होय. खाशाबांचे पदक कांस्याचेच होते. सत्तर वर्षे उलटून गेली, तरी ते कोणालाही परत मागता आलेले नाही.