नाव काढायची किंमत



"घरावरून एक नाव तर काढायचंय, त्याला एवढं काय!" मँचेस्टरमधल्याच एका मराठी घरी चहा पिताना हे वाक्य कानावर आलं. ते जिच्याबद्दल होतं, त्या मैत्रिणीबरोबर मी सॉलिसिटरच्या ऑफिसात बसले होते. म्हणून 'एवढं काय' ते मला माहीत आहे. मी प्रयोगशाळेत काम करणारी. पीएचडी असूनही ते कागद मला दोनदा वाचावे लागले!

घराचे कागद दोन. एक लँड रजिस्ट्रीतला मालकीचा, दुसरा बँकेच्या कर्जाचा. मालकीतून नाव काढायला टीआर१ फॉर्म लागतो. घटस्फोटात साध्या घरासाठी रजिस्ट्रीची फी बहुधा शंभर पौंडांच्या आसपास किंवा कमीच असते. इथपर्यंत ते चहावाले गृहस्थ बरोबर. पण कर्जातून नाव काढणं बँकेच्या हातात. संयुक्त मॉर्गेजमध्ये प्रत्येक जण पूर्ण कर्जाला जबाबदार असतो, अर्ध्याला नव्हे. नवऱ्याने हप्ता थांबवला, तर बँक सगळा हप्ता बायकोकडे मागू शकते. आणि एकटीच्या पगारावर कर्ज झेपेल असं पटलं, तरच बँक त्याचं नाव काढते. मुलांसाठी दहा वर्षं पार्टटाइम केलेल्या बाईचा पगार बँकेला कसा पटायचा?

आता खर्च. हस्तांतरणासाठी सॉलिसिटरचे काहीशे पौंड, त्यावर २० टक्के व्हॅट. घटस्फोटाची कोर्ट फी ६०० पौंडांहून जास्त. पैशांबाबत दोघांचं एकमत असेल तर कन्सेंट ऑर्डरचे साधारण ६०. एकमत नसेल तर अर्जाचे ३०० हून अधिक, आणि पुढे वकिलाचं मीटर सुरू! लग्न न करता एकत्र राहिलेल्यांची तर आणखी पंचाईत. घटस्फोटातल्या हस्तांतरणाला स्टँप ड्युटी माफ असते, त्यांना ती माफी नाही. अंगावर घेतलेला कर्जाचा वाटाही किंमत म्हणून धरला जातो.

पूर्वी गरजूंना लीगल एड होती. २०१२ च्या कायद्याने, एप्रिल २०१३ पासून, अशा बहुतेक कौटुंबिक वादांतून ती गेली. घरगुती हिंसाचाराचा पुरावा असेल तर मिळू शकते. म्हणजे ज्याने हात उचलला नाही, फक्त सही करायची टाळली, त्याच्यापुढे ती एकटी. आपल्या शहरातलं साऊथ मँचेस्टर लॉ सेंटरही २०१४ मध्ये बंद पडलं.

आपण अभिमानाने म्हणतो, आपले संसार संस्कारांमुळे टिकतात. काही टिकतही असतील. पण काही केवळ बाहेर पडणं परवडत नाही म्हणून टिकतात, हे आपण कधी मोजलंय का? आणि वर 'जरा सामोपचाराने घ्या' हा फुकटचा सल्ला.

फुकट द्यायचंच असेल तर माहिती द्या. घरावर बायकोचं नाव नसेल, तर एचआर१ फॉर्मने राहण्याच्या हक्काची नोंद करता येते, फी नाही. दोघं 'जॉइंट टेनंट' असतील, तर एकाच्या मृत्यूनंतर सगळं घर दुसऱ्याकडे जातं, मृत्युपत्रात काहीही लिहा. नोटीस देऊन ते वेगळं करता येतं, त्याच्या एसईव्ही फॉर्मलाही फी नाही. कमी उत्पन्न असेल तर कोर्ट फीत सवलत मागता येते.

आणि लीगल एड परत आणा, निदान पहिल्या सल्ल्यापुरती, असं आपल्या खासदारांना लिहा. तोवर गणपतीच्या वर्गणीतला थोडा हिस्सा अशा पहिल्या सल्ल्यासाठी बाजूला ठेवायला काय हरकत आहे? डेकोरेशन जरा कमी झालं तर बाप्पा रागावणार नाही.

बाईच्या नावे मालमत्ता असावी म्हणून मँचेस्टरच्या एलिझाबेथ वोल्स्टनहोम एल्मी १८८२ चा कायदा येईपर्यंत झगडल्या. १९९० च्या सुमारास शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी जमीन बायकोच्या नावे केली. बाईचं नाव कागदावर चढावं, हा तो लढा होता. आता त्याच कागदावर तिला एकटीने उभं राहता यावं, हे आपल्याकडे आलंय.

मैत्रिणीचं प्रकरण अजून चालू आहे. हप्ता मात्र ती दर महिन्याला भरते, पूर्ण.